भाऊंची गाडी सोनगीरला का जायची?

वहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. "मंगल, हे उठत नाहीयेत गं," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळचा चहा घेऊन भाऊ अंगणातल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते, आणि वहिनी आतून भाजी विचारायला आल्या तर मान एका बाजूला कललेली... जळगावहून धुळ्याला पोहोचेपर्यंत मला रडू आलं नाही. पारोळा गेलं, तरी डोक्यात एकच विचार फिरत होता, आणि त्याची आज सांगतानाही लाज वाटत नाही, फक्त उलगडा होत नाही. मला सारखं वाटत होतं, गाडीचं ऑइल बदलायचं राहिलं. कारण त्याच आठवड्यात भाऊंनी फोन करून सांगितलं होतं, "रविवारी ये. ऑइल बदलायचंय. तू ये म्हणजे बरं." माझं काय काम, असं विचारलं तर म्हणाले, "ये तर खरी."

भाऊ माझे थोरले भाऊ, वसंत. आई गेली तेव्हा मी शिकत होते, त्यामुळे पुढचं माझं सगळं त्यांनीच केलं. आमचं लहानपण अमळनेरचं. वडील तेलाच्या गिरणीत होते. त्यांच्या सदऱ्याला येणारा सरकी तेलाचा वास साबणाने कधी गेला नाही. भाऊ टेलिफोन खात्यात लागले, धुळ्याला घर केलं, आणि निवृत्तीच्या थोडं आधी एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली. त्या दिवसापासून त्या गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. गाडी चालवायला मीही तिच्यावरच शिकले. ऑइल बदलायचा दिवस म्हणजे त्यांच्या घरी जवळजवळ सण असे. पुढची चाकं दोन लाकडी ओंडक्यांवर चढवायची, गल्लीत गोणपाट पसरायचं, वहिनींची एक जुनी परात खाली सरकवायची आणि पाना घेऊन पाठीवर घसरत गाडीखाली जायचं. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा नट सुटला की काळं तेल परातीत पडायला लागे, आणि भाऊ त्यात बोट बुडवून, अंगठ्यावर चोळून, वास घेत. "बघ," म्हणत, "हे तेल थकलंय." वडीलही गिरणीत असंच तेल चोळून बघत, हे त्यांना आठवत असेल की नसेल, मी कधी विचारलं नाही.

माझे यजमान सुधीर अगदी उलट्या मताचे. त्यांची गाडी वेळ झाली की जळगावच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये जाते, हे काचेमागच्या गार खोलीत कॉफी घेत मोबाइल बघत बसतात आणि धुतलेली गाडी घेऊन येतात. एका दिवाळीला दोघांची यावरून चांगलीच जुंपली होती. सुधीर म्हणाले, "भाऊ, सगळी सकाळ जाते, पाठ मोडून घेता, वर ते जुनं तेल कुठे टाकायचं हा प्रश्न. ज्याचं काम त्याला द्यावं ना." भाऊ फराळाची ताटली बाजूला ठेवून म्हणाले, "द्यावं. पण तुम्ही काचेच्या अलीकडे आणि गाडी पलीकडे. नट घट्ट बसला की नाही, हे तुम्हाला कसं कळतं?" सुधीर म्हणाले, "विश्वास ठेवतो." त्यावर भाऊ म्हणाले, "मी पण विश्वासच ठेवतो. स्वतःवर." वहिनी आतून ओरडल्या, "आता चकल्या खा दोघंही." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

मग एक दिवस हे सगळं बंद झालं. भाऊ आणि वहिनी शिरपूरहून एका साखरपुड्यावरून परत येत होते. सोनगीरच्या जवळ हायवेवर गाडीचा ऑइलचा लाल दिवा लागला. भाऊंनी तिथल्या तिथे इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली. मागून ट्रकवर ट्रक येत होते. वहिनी सांगत, "मी तर डोळेच मिटून घेतले होते." जवळच्या एका गॅरेजवाल्याने दोर बांधून गाडी ओढून नेली. भाऊ घरी येऊन म्हणाले, "दगड लागला चेंबरला. नशीब म्हणायचं." वहिनींनी दुसऱ्या दिवशी देवाला नारळ फोडला. त्यानंतर भाऊ कधी गाडीखाली गेले नाहीत. पाठ दुखते म्हणाले. सुधीर खूश झाले, "शेवटी पटलं ना?" भाऊ नुसते हसले.

पण घराच्या कोपऱ्यावर एक चांगलं गॅरेज असताना, बसस्टँडकडे आणखी चार-पाच असताना, ते ऑइल बदलायला दर वेळी सोनगीरला जायला लागले. त्याच दोरवाल्याकडे. वहिनींना वाटे, हायवेवर चक्कर मारायची हौस. येताना ते कधी पितळेचा तांब्या, कधी एखादी पळी घेऊन येत, त्यामुळे कुणी फार विचारलं नाही. मला मात्र ते विचित्र वाटायचं. ज्या माणसाला आपला नट दुसऱ्याने पिळलेला चालत नव्हता, तो एवढ्या लांब एका अनोळखी माणसाच्या हातात गाडी देतो? आणखीही काही गोष्टी होत्या, ज्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. एकदा संध्याकाळी फोन करून त्यांनी मला विचारलं, "आईला औषध दिलंस का?" आई जाऊन तर कितीतरी वर्षं झाली होती... मग तेच हसले, "अगं, स्वप्नातून उठलो बघ," म्हणाले, आणि सुधीरची चौकशी करायला लागले.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाल्या, "गाडी तू घेऊन जा. पोरगी बेंगळुरूला, ती काय करणार हिचं? तुला त्यांनी हिच्यावरच शिकवलंय." सुधीर म्हणाले, थेट आपल्या वर्कशॉपला घेऊन ये, ऑइल बदलून टाकू. मी हो म्हणाले. पण गाडी जळगावच्या रस्त्याला न लावता मी सोनगीरला वळवली. का, ते सांगता येणार नाही. त्या माणसाला बघावं, एवढंच वाटलं.

गॅरेज म्हणजे हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, समोर टायरांचा ढीग. लांबवर टेकडीवरचा किल्ला दिसत होता. पांढरी गाडी बघून पन्नाशीचा एक माणूस हात पुसत पुढे आला आणि माझ्याकडे न बघता गाडीच्या दुसऱ्या बाजूला बघायला लागला. "भाऊ नही उनात?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो तिथेच टायरवर बसला. मग म्हणाला, "तुमी मंगलताई ना? भाऊ म्हनेत, या टाइमले बहीणले संगे लई येस."

त्याचं नाव भटू. त्याने चहा मागवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "त्या दिवशी दगड लागला तेव्हा तुम्ही होतात म्हणून बरं झालं." तो माझ्याकडे बघतच राहिला. "दगड? ताई, दगड-बिगड काही नव्हता. नट ढिला राही गयथा."

नट भाऊंनीच बसवला होता. आदल्याच दिवशी, गल्लीत, गोणपाटावर झोपून. हाताने फिरवून ठेवला आणि पान्याने आवळायचं विसरले. भटूने रिकामं चेंबर दाखवलं तेव्हा भाऊंचा चेहरा असा झाला, की भटूने आधी त्यांना पाणी दिलं. वहिनी बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. भाऊंनी भटूचा हात धरला आणि म्हणाले, तिला सांगू नको.

"मंग भाऊ आठेच, गॅरेजवर, येवाले लागनात," भटू म्हणाला. तो जुनं तेल काढून देई, फिल्टर बदलून देई. पण नट भाऊ स्वतः बसवत. गॅरेजमधल्या, गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरून, त्याचाच पाना घेऊन. "मंग वर येत, आन किल्लाकडे तोंड करीसन उभा राहेत. तेवढामा मी पाना लाईसन नट देखी लेऊ."

"ढिला असायचा?"

"कधी कधी राहे."

"भाऊंना माहीत होतं, तुम्ही तपासता ते?"

भटूने चहाचा ग्लास खाली ठेवला. "नही माहीत तर तोंड कसाले फिराडेत, ताई?"

ऑइल बदलू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणाले आणि तशीच धुळ्याला परत आले. आपलं विसरणं वाढतंय हे भाऊंना कळलं होतं, एवढं नक्की. मग डॉक्टरकडे न जाता ते गॅरेजमध्ये का गेले? बायकोला सांगितलं नाही, बहिणीला नाही, पोटच्या मुलीला नाही, आणि जिथे चूक उघडी पडली त्याच माणसाला कसं काय धरून राहिले? आणि मला का बोलावलं होतं? हे सगळं सांगायला, की आता सोनगीरपर्यंत एकट्याने गाडी न्यायचीही खात्री उरली नव्हती म्हणून? मी दोन्ही उत्तरं स्वतःला देऊन बघितली. दोन्ही खरी वाटली.

वहिनींना सांगावं की नाही, यावर मी संध्याकाळभर घोटाळत राहिले. शेवटी स्वयंपाकघरात सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या चिडल्या. "मी नारळ फोडला!" म्हणाल्या. "नट विसरले तर विसरले. मी काय खाणार होते यांना? किल्ल्याकडे बघत उभे राहायचे म्हणे... घरी मी होते ना? माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं होतं." त्यांनी गॅस बंद केला, पुन्हा लावला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मीठ दोनदा पडायचं त्यांच्या हातून वरणात. मी बोलायचे नाही, पाणी घालायचे. वाटायचं, त्यांना कळत नाहीये." त्यानंतर आम्ही दोघीही जेवलो नाही, असं नाही. जेवलो. पण काय जेवलो ते आठवत नाही.

सकाळी मी निघाले तर वहिनी पर्स घेऊन गाडीत येऊन बसलेल्या. "सोनगीरला घे," म्हणाल्या. भटूने त्यांना ओळखलं आणि तो कामाला लागला. जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला. नट हातात घेऊन मात्र तो घुटमळला. आमच्या दोघींकडे बघू लागला. मी वहिनींकडे बघितलं. "तुम्हीच बसवा," वहिनी म्हणाल्या. "नीट आवळा." आणि त्या खड्ड्याच्या काठाशी वाकून, पदर सावरत, त्याचा हात थांबेपर्यंत बघत राहिल्या.

नवं ऑइल भरून झालं. मी किल्ली फिरवली. भाऊंची एक पद्धत होती. नवं तेल घातल्यावर पहिल्यांदा गाडी चालू केली की ते हात वर करत, आणि कुणी काही बोलायचं नाही. मग गल्लीत कोणीही असो. ते बॉनेटवर तळवा ठेवून, मान थोडी वाकडी करून ऐकत, आणि त्यांचं समाधान झालं की हात खाली घेत. तेवढ्या आवाजात ते काय ऐकत असत, मला कधी कळलं नाही. मी किल्ली फिरवली आणि भटू बोलता बोलता गप्प झाला. वहिनी गप्प होत्याच. त्यांनी पुढे होऊन बॉनेटवर तळवा ठेवला. हायवेवरून ट्रक जात होते, इंजिन एकसारखं चालत होतं, आणि आम्ही तिघंही ऐकत उभे राहिलो. कधी थांबायचं, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.