मंदावहिनींचं भरतीचं कोष्टक

मंदावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी करोल बागेत त्यांच्याचसाठी गाऊन विकत घेत होते. पुढून बटणांचा आण, म्हणजे हॉस्पिटलात सुया टोचणाऱ्या पोरींना सोपं पडतं, असं त्यांनीच सांगितलं होतं. फोन अनघाचा, त्यांच्या मुलीचा. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाली. मी गाऊन दुकानदाराला परत दिला. "क्या हुआ आंटीजी, पसंद नहीं आया?" असं त्यानं विचारलं आणि मला तिथेच रडू फुटलं. अर्धा तासही झाला नसेल, मी मेट्रोत बसले होते, तर दुसरा फोन. आमच्या मंडळाच्या कार्यवाहांचा. त्यांचं नाव मी लिहिलं होतं, पण संपादकांनी काढायला लावलं. असो, दिल्लीतल्या मराठी माणसांना ते कळेलच. "फार वाईट झालं वहिनी, मंडळाचं अपरिमित नुकसान," वगैरे झालं, आणि त्याच दमात… "त्या हर्णैच्या वह्या आता कुणाकडे असतील?" अजून देह घरी आला नव्हता. मी फोन बंद केला. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायची रीत आहे, ती मला ठाऊक आहे. पण मला त्या फोनचं उत्तर द्यायचं राहिलंय, आणि ते मी आता इथे देणार आहे.

मंदावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. कोकणातल्या हर्णैहून लग्न होऊन थेट दिल्लीत आल्या, भाऊजींसारख्याच केंद्र सरकारच्या नोकरीत लागल्या आणि बत्तीस वर्षं फायलींवर टिपण्या लिहून निवृत्त झाल्या. नोएडात आमचे फ्लॅट समोरासमोर. मी जन्माने दिल्लीची, समुद्र म्हणजे मला शाळेच्या नकाशातला निळा रंग. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात गेले तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या चौकोनात पेन्सिलीने आकडे लिहिलेले. मला वाटलं औषधांच्या वेळा असतील. त्या हसल्या. "हर्णैची भरती गं. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी ना? चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी." मी म्हटलं, "वहिनी, नोएडात बसून भरतीचं काय करायचंय?" तर पोळी उलटवत म्हणाल्या, "ओहोटीला आई खडकावर कालवं काढायला जाते. घरी कधी नसेल ते कळतं." मग आई गेली, खडकावर जाणारं कुणी उरलं नाही, तरी दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वहिनी पंचांग घेऊन बसायच्या आणि वर्षभराच्या चौकोनांत भरती लिहून टाकायच्या.

वह्या सात होत्या. त्यांत हर्णै होतं, तेही सरकारी शिस्तीत, परिच्छेदांना क्रमांक देऊन. पाण्यातला सुवर्णदुर्ग, आणि त्याच्यावर नजर ठेवायला किनाऱ्यावर उभे असलेले तीन लहान किल्ले. कनकदुर्गावरचा दीपस्तंभ. सुवर्णदुर्गाचा दरवाजा होडीतून जाणाऱ्याला अगदी जवळ जाईपर्यंत दिसत का नाही, आणि दिसल्यावर पायरीवरचं दगडी कासव कुठे शोधायचं. मराठ्यांच्या आरमाराच्या दोन गोष्टी, एक पुस्तकातली आणि एक त्यांच्या आजोबांची, आणि दोहोंपुढे 'पडताळा नाही' असा प्रामाणिक शेरा. बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव कुठे उभं राहून बघावा, म्हणजे कुणाच्या पायात येणार नाही. खाडीपलीकडचं आंजर्ले, तिथला कड्यावरचा गणपती, किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं. मी तिशीत त्यांच्याबरोबर गेले तेव्हा त्यांनी मला दीपस्तंभाजवळ उभं केलं आणि म्हणाल्या, "आता बोलू नकोस." मी, जी झोपेतही बोलते असं आमचे हे म्हणतात, ती सूर्य बुडेपर्यंत गप्प उभी राहिले. त्यांना एकच हौस होती. याचं छोटंसं पुस्तक व्हावं, वर आपलं नाव असावं, आणि एक प्रत हर्णैच्या शाळेत ठेवावी.

कार्यवाहांनी त्यांतल्या दोन वह्या मागून नेल्या, मंडळाच्या स्मरणिकेत लेख करतो म्हणून, आणि महिनाभराने परतही केल्या. आठ महिन्यांनी गणेशोत्सवात पुस्तिका निघाली. चकचकीत कागद, मागे त्यांचा गॉगल लावलेला फोटो, आणि लेखक म्हणून त्यांचं नाव. 'अनेक वर्षांच्या भ्रमंतीचे फलित' असं प्रस्तावनेत होतं. त्यांची भ्रमंती मला माहीत आहे. दर वर्षी बस करून पानिपतला जायचं, युद्धस्मारकासमोर एक तास भाषण ठोकायचं आणि येताना चादरी घ्यायच्या. समुद्र त्यांनी चौपाटीवरच्या भेळवाल्याच्या मागे पाहिला असेल तेवढाच. वहिनींच्या वाक्यांतले स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होते. मी तिथेच मंडपात आवाज चढवणार होते, पण वहिनींनी माझं मनगट धरलं. घरी येऊन पुस्तिका शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, यानं तिथीची तारीख केली."

हे नीट सांगते. वहीत वहिनींनी शुद्ध आणि वद्य अशा दोन पंधरवड्यांच्या भरतीच्या वेळा लिहिल्या होत्या. आमच्या दिल्लीच्या घरांत तिथी फक्त गुरुजींना ठाऊक असते. कार्यवाहांनी दोन्ही रकाने एकाखाली एक जोडले, एक ते तीस आकडे घातले आणि छापलं, 'महिन्याच्या कोणत्या तारखेस भरती-ओहोटी किती वाजता'. एकतीस तारखेसाठी तळटीप होती, 'एक तारखेप्रमाणे'. चोराला चोरीचा माल वापरता येत नाही तो असा. खोटं कशाला बोलू, मलाही तोवर कुणी समजावलं नसतं तर मीही तेच केलं असतं. वहिनींनी त्यांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा, "वहिनी, बिल्कुल काळजी करू नका, मी सगळं चेक केलंय."

मग मंडळाची सहल निघाली, अर्थात हर्णैला. मी नाव आधीच दिलेलं होतं. वहिनींचे गुडघे साथ देईनात, म्हणून त्या आल्या नाहीत. निघताना मला दारात म्हणाल्या, "अकरा तारखेला तुम्ही किनाऱ्यावर असाल. त्याच्या कोष्टकात दुपारी सव्वादोनला ओहोटी आहे. त्या दिवशी पंचमी आहे, रजनी. पावणेचारला भरती. त्याला सांग, गाडी वाळूत घालू नको." मी हो म्हटलं… आणि इथे लेखणी अडखळते, पण आता लपवणार नाही. मी सांगितलं नाही. हर्णैच्या शेजारी मुरुडला दुपारी दीड वाजता मिनीबस किनाऱ्याच्या तोंडाशी थांबली. पनवेलहून घेतलेला ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, पाणी चढतंय वाटतं, गाडी वरच ठेवू का?" कार्यवाहांनी पुस्तिका उघडून त्याच्या नाकासमोर धरली. "हे बघ. पाणी उतरतंय. लाव खाली बिनधास्त." सगळे उतरून सुरूच्या बनात जेवायला गेले. मी मात्र बाहेरच्या ओंडक्यावर बसले, आणि पाणी एकेक वीत पुढे येत होतं ते बघत राहिले. मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झाला असेल. तीन वाजता पाणी चाकांना लागलं. साडेतीनला पुढची चाकं वाळूत रुतली, इंजिनात पाणी गेलं, आणि कार्यवाह पँट गुडघ्यापर्यंत दुमडून "अरे कोई धक्का मारो यार!" असं कोकणातल्या कोळ्यांना हिंदीत ओरडत होते. सहलीचं पानिपत झालं. कुणाला खरचटलंही नाही. पण गाडी त्या ड्रायव्हरची स्वतःची होती. तो कमरेइतक्या पाण्यात आरशाला धरून उभा होता, आणि त्याचं तोंड मला अजून दिसतं.

परत आल्यावर मंडळाच्या ग्रुपवर निवेदन आलं. 'भरतीचे कोष्टक श्रीमती मंदाताई यांच्या टिपणांवरून घेतले असल्याने त्रुटी राहिली. क्षमस्व.' अख्ख्या पुस्तिकेत ज्या बाईचं नाव कुठे नव्हतं, तिचं नाव चुकीला दिलं! वाणसामानाच्या दुकानात भेटणाऱ्या बायका तिला हसून विचारू लागल्या, "काय मंदाताई, आज भरती किती वाजता?" हे माझ्यामुळे झालं. मी तिथे तोंड उघडलं असतं तर गाडी बुडली नसती, निवेदन निघालं नसतं. मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं, आता बोलणंच टाकतील. ताट बाजूला सारून म्हणाल्या, "पाण्याच्या आडून वैर काढू नये. त्या गाडीवाल्यानं तुझं काय केलं होतं? काढायचं तर माणसाच्या समोर उभं राहून काढावं." मी म्हटलं, "मग काढू?" तर म्हणाल्या, "मी असेतो नको. मला लोकांचं बोलणं सहन होत नाही गं." त्यानंतर चार वर्षं त्या मंडळात गेल्या नाहीत. वह्या कपाटात गेल्या आणि पुस्तकाचा विषय घरात निघेनासा झाला.

शोकसभेत कार्यवाह वीस मिनिटं बोलले. मंदाताई आपल्याला मोठ्या बहिणीसारख्या, आपल्या लेखनाची प्रेरणा, आणि म्हणून पुस्तिकेची दुसरी आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण. लोकांनी डोळे पुसले. मी अनघाकडे बघितलं. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "काकू, जाऊ दे ना यार. अर्पण तर करतायत. अब क्या फायदा?" तिला त्या निवेदनाचं ठाऊक नव्हतं, वहिनींनी तिला कधी कळू दिलं नव्हतं. मी मोबाइलवर जपून ठेवलेलं तिला वाचायला दिलं. ती मराठी अडखळत वाचते, 'त्रुटी' म्हणजे काय ते मला विचारावं लागलं. अर्थ कळला तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली. दुसऱ्या दिवशी येऊन सातही वह्या घेऊन गेली, आणि आता रोज रात्री दोन पानं टाइप करून मला तपासायला पाठवते. पुस्तक होईल. वर नाव एकच असेल, आणि पहिली प्रत हर्णैच्या शाळेत जाईल.

कार्यवाह दर आठवड्याला फोन करतात, वह्या कधी न्यायला येऊ म्हणून. मी त्यांना या रविवारी बोलावलंय. हे पान त्याच सकाळी त्यांच्याही दारात पडेल, पण ते पुरवण्या वाचत नाहीत, स्वतःचा फोटो असेल तर चाळतात. टेबलावर वह्या नसतील, हे पान असेल, आणि मी समोर उभी असेन. वहिनींच्या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका मी माझ्याकडे आणून लावली आहे. त्या गेल्यानंतरच्याही सगळ्या चौकोनांत त्यांची पेन्सिल आहे, थेट डिसेंबरच्या एकतीसपर्यंत. या रविवारी चतुर्थी आहे. चौकोनात लिहिलंय, 'भरती ३'. मी कार्यवाहांना तीनचीच वेळ दिली. "वहिनी, तुमच्या सोसायटीत गाडीचं कसं?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, लावा खाली बिनधास्त.