बाय दमली

त्या संध्याकाळी मला फोन आला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

फोन होता काठीवाल्या आजोबांच्या माणसांचा. आमच्या महाडच्या जत्रेला पोलादपूरकडच्या डोंगरातून देवीची काठी घेऊन येणारे हे आजोबा तुम्हीही पाहिले असतील. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर उंच बांबू, त्याला गुंडाळलेलं हिरवं लुगडं; तीच त्यांची बाय, म्हणजे देवी. चालता चालता थांबायचे आणि म्हणायचे, "बाय दमली. जरा टेकूया."

"बाय दमली का तुमी?" कुणीतरी हटकून विचारायचं.

"मला काय झालाय? मी बिडीवर चालतोय."

माझ्या भांड्यांच्या दुकानापुढे बायचा शेवटचा विसावा. मी चहा मागवायचो. एक कप काठीच्या बुडाशी ठेवावा लागे. "शेट, बायला साखर जास्त लागते हां." मग जरा वेळाने दोन्ही कप तेच प्यायचे.

आमचा महादेव आणि त्यांची देवी ही भावंडं. तो एकदा तिच्याआधी जेवायला बसला, तशी ती रुसून डोंगरात गेली. म्हणून वर्षातून एकदा ती भेटीला येते, आणि ती दारात आल्याशिवाय त्याची पालखी उचलायची नाही. 'उचला' म्हणायचा मान आमच्या घराकडे.

त्या वर्षी मुलीला बघायला आलेली मंडळी घरी होती. स्थळ मनासारखं होतं. त्यांना पालखी बघून अंधाराआधी परत निघायचं होतं. तेवढ्यात तो फोन. "शेट, पुलाजवळ आलोय. आजोबांचं गुडघं धरलंय. टेम्पोत बसा म्हटलं तर बाय चालतच जाणार म्हणतायत. भावाला जरा थांबवा."

मी हो म्हटलं, फोन खिशात टाकला आणि पुजाऱ्यांना सांगितलं, "यंदा ते येत नाहीत. उचला."

आजोबा पोचले तेव्हा पालखी बाजारपेठेत गेली होती, देवळात समया तेवढ्या होत्या. त्यांनी काठी दाराला टेकवली, लुगड्याचा पदर सारखा केला. "माजंच गुडघं नडलं गो बाय. भावावर रुसू नको."

पुढच्या जत्रेला काठी दुसऱ्याच्या खांद्यावर होती. आजोबा मागून रिकाम्या हातांनी येत होते. काठी कुणी काढून घेतली नव्हती. "ज्याच्या पायानं बायची भेट चुकली, त्यानं काठी धरू नाय," एवढंच म्हणाले.

सोयरीक जमली. लग्नाला आजोबा डोंगरातल्या गावाहून अक्षतांसाठी आपल्या शेतातले तांदूळ घेऊन आले. पंगतीत मला जवळ बोलावून म्हणाले, "शेट, त्या दिवशी फोनवरचं बोलणं नीट पोचलं नाय ना तुमाला? पोचलं असतं तर तुमी थांबवलं असतं भावाला."

"आवाज तुटत होता," मी म्हणालो.

"असू दे. पुलाजवळ रेंजच नाय." आणि मलाच जिलबीचा आग्रह केला, माझ्याच घरच्या लग्नात.

यंदा आजोबा नव्हते. पावसाळ्यात गेले, असं काठीबरोबरच्या माणसांनी सांगितलं. काठी दुकानापुढे टेकली. मी सवयीने एक कप तिच्या बुडाशी ठेवला. साखर जास्त घालायला सांगितली होती. चहावर साय धरली, काठी उठून देवळाकडे गेली, तरी तो कप कुणी उचलला नाही.

पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला आजोबांचं गाव आहे. तिथल्या देवळात, माणसं जमलेली असताना, मला फोन आला होता आणि मी तो नीट ऐकला होता, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे.