रेडिओकाकूंचे सहा तास

इस्पितळाच्या नोंदणी खिडकीत बसणाऱ्या काकूंना सगळे रेडिओकाकू म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. केसपेपरवर नाव, वय, दुखणं लिहिता लिहिता त्या स्वतःच्या बहिणीच्या गुडघ्यापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत जाऊन परत येत. रांग मात्र कधी तुंबली नाही. हात आणि जीभ एकाच वेगाने चालत.

त्या खिडकीतून त्यांना रोज एक गोष्ट दिसे. मुलांच्या वॉर्डाला चाकांची खुर्ची एकच. पायाला प्लास्टर घातलेली नऊ-दहा वर्षांची पोरं कडेवर घेऊन आया एक्स-रेच्या खोलीपर्यंत धापा टाकत जात. काकूंनी चार अर्ज केले. चारही फायलीत सुखाने नांदत होते.

संगणकावर काम करणारी पुतणी म्हणाली, "ऑनलाइन मोहीम काढू, काकू. पण नुसतं 'मदत करा' म्हटलं की लोक बोटाने पुढे सरकवतात. जगावेगळं काहीतरी हवं. तू सहा तास गप्प बसशील?"

"हात्तिच्या! मी तशी मितभाषीच आहे."

शेजारी घड्याळ उघडून बसलेल्या काकांच्या चिमट्यातला स्क्रू खाली पडला. काका घड्याळं दुरुस्त करत आणि एरवी कोणाच्या अध्यात नसत की मध्यात.

पुतणीने पान तयार केलं. मधोमध कॅमेऱ्यातून थेट दिसणाऱ्या काकू, कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ, आणि काकूंच्या ओठांवर नजर ठेवणारी एक युक्ती. सहा तास टिकल्या तर जमलेल्या पैशांच्या खुर्च्या. एक शब्द निघाला तर पैसे ज्याचे त्याला परत.

रविवारी सकाळी ठीक दहाला सुरुवात झाली. पहिल्या तासात नातेवाईक नुसते तुटून पडले. नणंदेने दोनदा पैसे पाठवले आणि लिहिलं, "सहाऐवजी साठ तास ठेवता येतील का?" धाकट्या दिराने लिहिलं, "ही शांतता आधी कुठे होती?" काकूंनी वाचलं, नाकपुड्या फुगवल्या, पण ओठ मिटलेलेच.

एक वाजेपर्यंत मात्र सगळे कंटाळले. गप्प बाई बघायची तरी किती वेळ? मोहीम दोन खुर्च्यांवर अडकली.

"बघणारे अकरा," पुतणी म्हणाली, "त्यात मी एक. काका, तुम्ही तरी बोला काहीतरी!"

"मी?" काकांनी घसा खाकरला. "आमची पहिली भेट झाली तेव्हाची गोष्ट..." आणि ते थांबले. चौतीस वर्षं या वाक्यानंतरची गोष्ट काकूच सांगत आल्या होत्या. काकांना पुढचा सरावच नव्हता. "...बसमध्ये झाली ती भेट."

काकूंनी जोरात मान हलवली.

"ही फार लाजत होती. तोंडातून शब्द फुटेना."

काकू ताडकन उभ्या राहिल्या. डोळे वटारलेले, ओठ घट्ट. 'बाईंचा चेहरा बघा!' असं कोणीतरी कोणाला तरी कळवलं आणि अकराचे चारशे झाले. पुतणीने तिथल्या तिथे पानावर नवं बटण टाकलं: 'काका, आणखी एक थाप.' पैसे द्या, बटण दाबा, काका बोलणार.

काकांना चव लागली. मग काकूंनीच त्यांना रडत रडत मागणी घातली, सासऱ्यांनी "न्या, पण परत आणू नका" म्हटलं, एकेक नवल बाहेर पडू लागलं. तिसरी खुर्ची झाली. चौथी झाली. काकूंनी तोंडावर उशी दाबली, तर संगणक ठणठणला, "ओठ दिसत नाहीत." उशी काढावी लागली.

"काकू, नको हं! अकरा मिनिटं उरलीत," पुतणी हात जोडून म्हणाली. "एक शब्द, आणि चारही खुर्च्या गेल्या!"

काकांनी शेवटची थाप मारली. "स्वयंपाक हिला मीच शिकवला."

काकूंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. टेबल थरथरलं. पेले किणकिणले. ओठ हलले नाहीत.

चार वाजले. घंटा झाली. शेवटच्या थापेने पाचवीही जमली होती. पाच खुर्च्या! पुतणी नाचायला लागली. काकू पेलाभर पाणी प्यायल्या, पदर नसतानाही खोचल्यासारखा केला आणि कॅमेऱ्यासमोर सरकल्या.

"बस नव्हती ती! दवाखान्याची रांग होती. आणि लाजत मी नव्हते, हे लाजत होते..."

मोहीम संपली म्हणून पुतणीने कॅमेरा बंद करायला हात पुढे केला. काकांनी तो धरला.

"थांब गं," ते हळूच म्हणाले. "पुढचं मलाही ऐकायचंय."