कानसेनाची दुरुस्ती

ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण कॉम्प्युटरचा आवाज जरा कुठे अडखळला की हा मान वाकडी करून ऐकणार आणि म्हणणार, "ड्रायव्हरची चूक आहे." ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे हो, मशीनला आवाज हाताळायला शिकवणारा प्रोग्राम. ते लिहिण्यावरच त्याचं घर चालत होतं.

न्यूमोनियातून उठलेली आई वरच्या खोलीत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, श्वासाकडे लक्ष ठेवा, जरा कमीजास्त वाटलं तर लगेच कळवा. सकाळी थोरली बहीण बसायची. ती कामावर गेली की हा एकटा. म्हणून त्याने आईच्या उशाशी माइक लावला, तो लांब वायरने खालच्या जुन्या लॅपटॉपला जोडला आणि खाली काम करता करता हेडफोनवर तिचा श्वास ऐकू लागला. तो ऐकू येतोय तोवर याच्या जिवात जीव.

पण मधूनच कट् व्हायचं, श्वास तुटल्यासारखं. प्रत्येक कट्‌ला याच्या काळजाचं पाणी! धावत वर जावं तर आई निवांत झोपलेली. बहिणीने एकदा ऐकलं आणि हेडफोन फेकूनच दिला.

"मेलं हे यंत्र! एक दिवस माझाच श्वास थांबेल. कानसेन ना तू? मग बंद कर ते कट् कट्."

कट् का होतं, ते त्याला कळलं होतं. नळाखाली आळीपाळीने दोन बादल्या लावाव्यात तसं हे काम. एक भरते, तोवर दुसरी वापरायची. बादली भरली की मशीन हाक मारतं. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. लॅपटॉपचं वायफाय मध्येच तडमडायचं, हाक उशिरा पोचायची, आणि हातात रिकामी बादली. वायफायला वठणीवर आणणं हा खरा उपाय. पण त्याला वेळ लागला असता, आणि घाबरलेल्या माणसाला कुठला धीर? त्याने बादलीच मोठी केली, दोन-चार श्वास मावतील एवढी. वर आणखी एक शहाणपणा केला. नवी बादली आलीच नाही, तर जुनीच पुन्हा ओतायची. किती वेळा ओतून थांबायचं, ते लिहायचं राहून गेलं.

आवाज लोण्यासारखा झाला. श्वास आत, बारीक शीळ, श्वास बाहेर. दुपारी बहिणीचा फोन आला तेव्हा स्वारी खुशीत होती.

"मस्त झोपलीय. ऐकतोय ना मी!"

त्याने फोन ठेवला आणि रस्त्यावरून एक ट्रक गेला, भोंगा असा ठणाणा वाजवत की टेबलावरची कपबशी थरथरली. आईची खिडकी त्याच रस्त्यावर उघडते. हेडफोनमध्ये भोंगा नव्हता.

श्वास आत, बारीक शीळ, श्वास बाहेर.

त्याने कान देऊन ऐकलं. शीळ, मग पलंगाची कुरकुर, मग श्वास. पुन्हा शीळ, पुन्हा तीच कुरकुर. अरे देवा! कधीपासून? चहा केला तेव्हापासून? की त्याच्याही आधीपासून? हेडफोन टाकून तो पळाला. जिना संपता संपत नव्हता.

आई पलंग आणि भिंतीच्या मधे पडली होती. माइकची वायर सुटून तिच्या मनगटात अडकली होती. वायर निघाली तशी नवी बादली यायची बंद झाली, आणि त्याचा ड्रायव्हर इमानेइतबारे जुनीच ओतत राहिला. आईचे ओठ निळसर पडले होते. डोळे मात्र उघडे होते, छाती हलत होती.

"किती हाका मारल्या रे," ती कशीबशी म्हणाली. "ऐकू नाही आलं तुला?"

त्याने तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि "आलोच गं" म्हणत फोनसाठी खाली धावला. फोन टेबलावर होता, हेडफोनशेजारी. त्याने अँब्युलन्सचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत होती, आणि हेडफोनमध्ये आई अजून शांत झोपलेली होती.