म्हसोबाच्या पुढे चालताना

पुण्याला केमो सुरू झाली आणि माझ्या अंगातलं त्राणच गेलं. दुखण्यापेक्षा तो थकवा वाईट. केस गळाले ते एका अर्थी बरंच झालं, कारण विंचरायला हात वर जात नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, रोज थोडं चाला, थकवा त्यानंच कमी होईल. घरी हे कुणाला पटेना. दमलेल्या माणसानं आणखी चालायचं? सासूबाई पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईनात. मी पडून राहिले आणि पडून पडून जास्तच थकले. शेवटी यांना सांगून टाकलं, आता पुढची केमो नको.

आमच्या शेवंतीच्या मळ्याच्या बांधावर म्हसोबा आहे. लग्न होऊन शिरूरकडे आल्यापासून रोजची ओंजळभर फुलं मीच त्याला वाहत आले. ते चुकलं म्हणून एकदा मी रडले, तर यांनी काय करावं? नारळ फोडला, देवाची माफी मागितली आणि तो शेंदरी दगडच उचलून ओट्यावर आणून ठेवला. "आता खाटंवरनंच हात जोड," म्हणाले. एवढी माया त्यांनी कधी तोंडानं बोलून दाखवली नव्हती. मला मात्र देवाकडे बघवेना. माझ्यापायी तोही घरात अडकला, असं वाटायचं.

त्याच सुमारास आमच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. कळपाबरोबरचा म्हातारा धनगर आमच्या ओळखीचा नव्हता. सकाळी तो बांधावर पाया पडायला गेला, तर तिथं नुसता चौथरा. विचारत विचारत तो दारात आला.

"मालक, देवाला जागंवर न्या," तो म्हणाला.

"रोजची फुलं हीच वाहायची. आता हिला तिथवर चालवत न्हाई, आबा. म्हणून आणला."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "मग बसत बसत चालंल. फुलं हिचीच हायेत, तवा हिनंच म्होरं व्हायचं. देव थांबंल की. त्याला कुठं एस्टी धरायची हाय?"

कितीतरी दिवसांनी मी हसले. हसत हसतच उठले.

पुढे मी, मागे देवाला छातीशी धरून हे, त्यांच्यामागे तांब्या घेऊन सासूबाई. मी विहिरीपाशी बसले, पुन्हा बाभळीखाली बसले. मी बसले की हे घामाघूम होऊन तसेच उभे राहत. देव खाली ठेवायचा नव्हता. घाई कुणी केली नाही. बांधावर यांनी देव पुन्हा चौथऱ्यावर बसवला तेव्हा माझे पाय लटपटत होते, पण तो शीण ओळखीचा होता, दिवसभर खुरपून आल्यावरचा. त्या दुपारी मी भाकरी मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन आपणहून निघाले. कधी विहिरीपर्यंतच मजल जाई. मग तिथूनच हात जोडायची. केमो मात्र सगळ्या पुऱ्या केल्या. मेंढ्या पुढच्या रानात गेल्या आणि म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी कळप आला, त्यात तो नव्हता. तो साधा धनगर होता की म्हसोबाच, यावर मी वाद घालत नाही. त्याची आठवण आली की डोळे भरतात, एवढंच.

देवावर भार टाकला की आपण पडून राहायचं, असं मी समजत होते. माझ्याकडून त्यानं फक्त उठणं मागितलं. अजूनही वाटेत दम लागतो. मी खुशाल बसते. तो थांबतो, हे मी पाहिलेलं आहे.