माझ्या दाताला हात लावू नका

माझा पुढचा दात म्हशीनं पाडला, पण तिच्यावर माझा राग नाही. मुकं जनावर. माशी बसली, मान झटकली, शिंग माझ्या तोंडावर बसलं. राग आहे तो आत्तीवर. इतकी वर्षं झाली, अजून आहे.

आमचा धंदा दुधाचा. कोल्हापुरात म्हशी कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास भरून देतात, त्यातले आम्ही. घरात एक वेळ पाणी नसेल, पण दूध नाही असं कधी झालं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आठवीत होते. दात मुळासकट, अख्खा, गोठ्यात पडला. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्ती, तिथंच धार काढत होती. तिला चंदगडकडं दिलेली, नवरा गेल्यावर ती कायमची आमच्याकडं आली होती. भरलेली चरवी बाजूला ठेवून ती उठली, दात उचलला, पदराला पुसला आणि सरळ कौलावर भिरकावला.

"आत्ती, त्यो दुधाचा दात न्हाय! मी आठवीत हाय!" रक्त थुंकत मी ओरडले.

"गप्प बस! तुझ्या बाचं समदं दात मीच टाकल्यात कौलावर. आलं न्हाईत व्हय नवं?"

वडील मला घेऊन राजारामपुरीत दाताच्या डॉक्टरांकडं गेले. तरुण डॉक्टर, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी आधी विचारलं, "दात कुठंय?"

"कौलावर," वडील म्हणाले.

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. मग म्हणाले, "अहो, दुधात बुडवून लगेच आणला असता तर तोच परत बसवला असता."

दुधात! वडिलांच्या सदऱ्यावर सकाळच्या दुधाचे शिंतोडे होते. त्यांनी मान खाली घातली. मला तर घरी जाऊन ती चरवी आत्तीच्या डोक्यावर ओतावी असं वाटलं.

डॉक्टरांनी तोंड नीट बघितलं. दात दाटीवाटीनं आलेले, एक लहान दाढ तशीही काढावी लागणार होती. म्हणाले, ती अलगद काढून पुढच्या खड्ड्यात लावू, तुझाच दात, तुझ्याच तोंडात. हाडानं धरला की घासून, मसाला लावून पुढच्या दातासारखा करू. पण धरला नाही, तर मग काही खरं नाही. शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधून त्यांनी बजावलं, "याला कुणीही हात लावायचा नाही. जिभेनंसुद्धा चाळा नको."

जीभ मी आवरली. पण माणसं कशी आवरायची? सगळी गल्ली बघायला आली. "आ कर बघू." "दाढ म्होरं लावलीया म्हणं!" शाळेत मी तोंड मिटून बसायचे आणि घरी आले की लोक ते उघडायला लावायचे. बघून झालं की हळहळायचे, "पोरीची जात, उद्या लगीन कसं व्हायचं?" अरे, दात माझा, तोंड माझं, मला भाकरीचा तुकडा तोडता येईना, आणि यांना लग्नाची पडलीय!

तार काढली त्या दिवशीही डॉक्टर म्हणाले, अजून जपायचं. आणि आत्ती दुसऱ्याच सकाळी दोन बोटांनी दात धरून हलवायला आली. मी मागं सरले तर म्हणते कशी, "अगं, भाताचं रोप लावल्यावर वडून बघत्यात. हातात आलं न्हाय म्हंजे जीव धरला. आमच्या चंदगडात असंच करत्यात."

"मी काय भात हाय?"

"बघू दे की! धरला का न्हाय कसं कळायचं?"

रोज सकाळी हेच. वडील नुसतं "अक्का, असू दे की" म्हणायचे. थोरल्या बहिणीपुढं यांची कधी टाप होती? रात्री मला भीतीनं झोप लागायची नाही. हिच्यापायी एक दात गेलाच होता, आता दुसराही हिच्याच हातानं जाणार. तिसरा कुठून आणायचा?

मग एकदा कट्ट्यावर तिनं कहर केला. ग्लास तोंडाला लावलेल्या एका अनोळखी माणसाला म्हणाली, "पावणं, ह्ये बघा," आणि माझा जबडा धरून ओठ वर केला. दुधानं ओलं बोट त्या दाताला लागलं मात्र, मी कचकन चावले. कडकडून चावले. जितका राग होता तितका सगळा त्या चाव्यात घातला.

"आगं आई गंऽऽ!" आत्तीची किंकाळी अख्ख्या कट्ट्यानं ऐकली. पाहुण्याच्या हातातला ग्लास पडला. आणि मला दात आठवला. गेला! आपल्याच हातानं घालवला! घाबरत घाबरत जीभ लावली. दात जागेवर होता. ढकलून बघितलं. हलेना.

आत्ती बोट निरखत होती. दातांचे वळ ओळीनं उठले होते, आणि मधला एक, बुटका नि रुंद, सगळ्यांत खोल. तिथून रक्त येत होतं.

"धरला!" ती ओरडली. "आगं, जीव धरला की गं!" ते रक्ताळलेलं बोट घेऊन ती कट्ट्यावरच्या एकेकाला दाखवत फिरली. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. मला दुखलं का, हे कुणी विचारलं नाही.

फिरून माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "बघितलंस? रोज वडून वडून मीच घट्ट केला."

मी परत तोंड उघडलं. तिनं झटकन हात पदराखाली घेतला.