जिन्यावरची मनी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तसं मला तोंडावर बोलायची सवय आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मीच, आणि त्याचा तोराही आहे. पण हे—हे कधी तोंडातून निघालंच नाही.

माझी धाकटी बहीण सोनी. आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायचो, बाबा भांड्यांच्या कारखान्यात. सोनी दुसरीत, तिला वाचता येईना. मी नुकतीच बी.ए. झालेली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मी तिच्यासाठी आकारांच्या कविता लिहायला लागले. शब्दांची छत्री, शब्दांची जिलेबी. आणि मनीमांजरीचा हा जिना—खालून वर वाचायचा:

               सायीवर
            तिचा
         डोळा
      जिन्यावर
   चढली
मनी

सोनी एकेका पायरीवर बोट ठेवत म्हणायची. न अडखळता. बाबा कारखान्यातल्या लोकांना घरी आणून तिला वाचायला लावायचे. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "दीदी ने तो जादू कर दिया!" मला किती बरं वाटायचं—कसं सांगू?

एका दुपारी मी नवा जिना लिहिला. पायऱ्या त्याच, शब्द सगळे वेगळे. मनीच्या जागी उंदीर. सोनीने उंदरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मनी." मग "चढली". अशी वरपर्यंत गेली आणि माझ्याकडे बघून हसली.

ती वाचत नव्हती. आकार बघून पाठ म्हणत होती. मला तेव्हाच कळलं—हे मुद्दाम सांगतेय. कळलं नव्हतं असं नाही.

मी तो कागद फाडला.

त्याच आठवड्यात शाळेतल्या बाईंनी बोलावलं. बाबा म्हणाले, "तूच जा. तुला बोलता येतं." बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "हिला अक्षरं लागतच नाहीयेत. एकदा डॉक्टरांना दाखवू या, मी पत्ता देते." आणि मी काय म्हणाले? "घरी माझ्यापाशी घडाघडा वाचते. वर्गात लाजते." मनीचा जिना बरोबर नेला होता. सोनीने म्हणून दाखवला. पत्ता मी घेतलाच नाही.

आठवीपर्यंत तिला ढकलत नेलं. नववीत नापास झाली, शाळा सुटली. सगळे म्हणाले, एवढी ताई शिकवतेय, हिचंच लक्ष नाही. मीही म्हणाले. बाबांनी तिला मारलं तेव्हा मी आत पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

पुढे माझ्या त्या कवितांचं पुस्तक निघालं. पहिल्या पानावर छापलंय: "सोनीला—जी या कवितांवर वाचायला शिकली." तिने त्या पानावरून हात फिरवला. "छान छापलंय," म्हणाली. एवढंच.

आता ती पूनम सागर भागातल्या एका पार्लरमध्ये काम करते. परवा तिने केसांच्या नव्या रंगाच्या खोक्याचा फोटो पाठवला. पाठोपाठ व्हॉइस मेसेज—"ताई, चष्मा घरी राहिलाय गं. किती वेळ ठेवायचा ते वाच ना."

सोनीला चष्मा नाही.

मी वाचलं, आणि बोलून पाठवलं.